वाकडं बोट

हात माझा आहे हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं. शालीखाली कडेवरच्या लोइसच्या पाठीशी टेकलेलं उजव्या हाताचं पहिलं बोट एकदम आखडलं, बर्फाच्या पाण्यात बुडवल्यासारखं, आणि मग मी वर पाहिलं. हिट्टी मावशीच्या दुकानासमोर कुणीतरी खांब रोवला होता. खांबाच्या टोकाला एक लाकडी हात बसवलेला, खऱ्या हातापेक्षा जरासाच मोठा. रंग नाही, तेलपाणी नाही, नुसतं पांढरं पाइनचं लाकूड. तीन बोटं तळव्यात मिटलेली, अंगठा त्यांच्यावर अलगद टेकलेला, आणि पहिलं बोट पुढं, सरळ मावशीच्या दाराकडे. सरळ नव्हे. वरच्या पेरापाशी ते बोट डावीकडे कललं होतं, चालता चालता कुणी हाक मारल्यावर मान वळावी तसं. खांबाभोवती माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "हात कशाला हवा होता? तिच्याकडचा चहा नाकालाच सापडतो." बाकीचे हसले. एकजण दाराकडे तोंड करून ओरडला, "म्हातारे, घरी जा." मावशीचं दार बंद होतं. दारावरची सोनेरी अंगुस्तानाची, शिवणसामानाच्या दुकानाची पाटी तिनं आधीच उतरवून घेतली होती, पाटीच्या जागी लाकडाचा फिका चौकोन तेवढा उरला होता. शेजारची केझाया, शिडं शिवणाऱ्याची बायको, माझ्या कोपराला धक्का देऊन म्हणाली, "तू मासे घ्यायला निघाली होतीस ना, डॉर्कस? मग निघ. या गल्लीत आता कुणी उभं राहायचं नसतं." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग लोइसच्या गळ्यापाशी शालीची कड सारखी केली. केझाया हल्ली सगळ्यांच्या मुलांचे कपडे सारखे करते. त्या निमित्तानं कापड चाचपता येतं.

मी मासे घेतले नाहीत. घरी येऊन चुलीपुढं बसले आणि हात मांडीवर ठेवून पाहत राहिले. हा हात मी खिडकीपाशी बसून दिला होता. लोइस दुपारी झोपली की माझा नवरा जोथम म्हणायचा, "ये गं, जरा हात दे." कोरीवकाम त्याचा धंदा, जहाजांच्या पुढच्या टोकावरच्या लाकडी बाया, कप्तानांच्या खोल्यांतले वेलबुट्टीचे पट्टे. पण गेलं वर्षभर बंदरात नवं जहाज उभं राहिलं नव्हतं, आणि तो शवपेट्यांची झाकणं रंधत होता. म्हणून हातमोजेवाल्यानं पाटीसाठी लाकडी हात सांगितलाय असं तो म्हणाला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी फुगत आलेली भाकर चुलीवरून उतरवून बसले. तो माझा हात हातात घ्यायचा, उजेडाकडे वळवायचा, पेरांवरून अंगठा फिरवायचा. बाळंतपणानंतर त्यानं मला असं कधी धरलं नव्हतं. त्याची बोटं लाकडाच्या भुशानं कोरडी असायची आणि पटाशी ठेवून तो पुन्हा पुन्हा येऊन एकाच पेरावर थांबायचा, वाकड्या. मला वाटायचं, हा माझ्याजवळ परत येतोय. खिडकीच्या काचेवर बर्फ साचलेलं असायचं, आत उजेड दुधासारखा, पाळण्यात लोइसचा श्वास, आणि माझा हात त्याच्या हातात. एकदा तो म्हणाला, "बाकीची बोटं मिटून घे, नाहीतर थकशील." मी मिटून घेतली. माझी मला कीव येते ती इथं. हातमोजेवाल्याची पाटी मी जन्मभर पाहत आले आहे. रस्त्याच्या वळणावर टांगलेली, पाचही बोटं पसरलेली. हातमोजा दाखवायचा तर हात उघडा असायला नको? हातमोजेवाल्याचा हात कशाकडे बोट करत नाही. वडील शाळामास्तर; त्यांनी मला मुलांच्या मागल्या बाकावर बसवून लॅटिन शिकवलं, वाक्यातला शेवटचा शब्द येईपर्यंत अर्थ ठरवायचा नाही हे शिकवलं, आणि रस्त्यात कुठल्या खिडकीचा पडदा कधी हलला हे मी घरी येऊन सांगू शकते. पण ती मिटलेली तीन बोटं मला दिसली नाहीत. दिसली, पण मी त्यांना विश्रांती म्हटलं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी विचारलं, "हातमोजेवाल्याचा हात कुठं आहे, जोथम?"

तो बूट काढत होता. "गेला."

"कुठं गेला?"

"बघून आलीस ना? मग विचारतेस कशाला."

"ती माझी मावशी आहे."

"मला ठाऊक आहे. लग्नात तिनंच तर मला विचारलं होतं, लाकडाच्या बायकांशिवाय दुसरी कुणी सांभाळता येईल का म्हणून." तो हसला, पण माझ्याकडे न पाहता. "तिला तीनदा सांगून झालं. सगळ्या गावानं इंग्लंडचा माल बंद केला. एक ही आहे, पोतडी उघडून बसलेली. मी काय करू? हात हवा होता. घरात चांगला एकच होता."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

लोइस माझ्या मांडीवर होती, तिनं माझं ते बोट मुठीत धरलं होतं. झोप आली की तिला तेच लागतं, सरळ बोट दिलं तर ढकलून देते.

"म्हणूनच नाही सांगितलं," जोथम म्हणाला, आणि जेवायला बसला.

ते बोट मावशीच्या दुकानात मोडलं. मी सात वर्षांची असेन, आई नुकतीच गेली होती, आणि वडील शाळेत असत तोवर मला मावशीकडे ठेवत. दुकानात गल्ल्याच्या खाली एक खोल खण होता, त्यात अंगुस्तानं. मला त्यांत हात बुडवून आवाज ऐकायला आवडायचा. तशी बुडवून बसले असताना मावशीनं, मी तिथं आहे हे न पाहता, मांडीनं खण ढकलला. मी रडले नाही असं ती नेहमी सांगते. मला आठवतं की तीच रडली. मग तिनं स्वतःच्या कंचुकीतली देवमाशाच्या हाडाची पट्टी उसवून काढली, बोटाला लावली आणि वर रेशमी दोरा गुंडाळला, उंची दोरा, जो ती गव्हर्नरांच्या घरच्या बायकांना देतानासुद्धा वितीनं मोजून द्यायची. पट्टी काढली तेव्हा बोट कललेलं होतं. "मी चुकीचं बसवलं गं," ती म्हणायची, कितीतरी वर्षं, माझ्या लग्नातसुद्धा, अंगठी घालताना. अंगठी दुसऱ्याच हातात होती तरी.

"दोरा घरचा होता, म्हणून नीट बसला," असंही ती म्हणायची. घरचा म्हणजे इंग्लंडचा. आम्ही सगळेच तसं म्हणत होतो. घरून जहाज आलं, घरून सुया आल्या, घरी आता गवत हिरवं झालं असेल. माझे वडील या बंदराच्या पलीकडे कधी गेले नाहीत, त्यांचे वडीलही नाहीत, पण अंथरुणाला खिळल्यावरही ते विचारायचे, घरची काय बातमी? मी लहानपणी असं समजत असे की प्रत्येक माणसाला दोन घरं असतात, एक ज्यात तो राहतो आणि एक जे खरं असतं. पहिल्यांदा कागदांवर पैसे भरून मोहोर सक्तीची झाली तेव्हा वडील म्हणाले, घरच्यांची काहीतरी अडचण असेल, इतक्या लांबून त्यांना कळत नाही, कळवलं की कळेल. त्यांनी स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. मोहोर रद्द झाली, आम्ही प्रत्येक खिडकीत मेणबत्ती लावली, राजाच्या नावानं पेले उचलले. मग काचेवर कर आला, कागदावर, रंगावर, चहावर. वडिलांनी पुन्हा अर्ज लिहिला. त्याला उत्तर आलं नाही, आणि मला वाटतं त्यांचा आजार तिथून सुरू झाला. ते दारापाशी खुर्ची ठेवून बसायचे, आपल्या आईबापांनी आपल्याला ओळखायचं नाकारलं आहे अशा चेहऱ्यानं. ते गेले त्याच्या पुढच्या शरदात घरून सैन्य आलं. मी हे वाक्य केझायाला विहिरीपाशी अगदी सहज म्हणाले होते, "घरून सैन्य आलं," आणि मग आम्ही दोघीही बादली वर येईपर्यंत दोराकडे बघत राहिलो. त्यानंतर मी तो शब्द वापरला नाही. कुणी वापरायचा नाही असं काही ठरलं नव्हतं. पण एकेकाच्या तोंडातून तो पडत गेला, दुधाचे दात पडतात तसा, आणि आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात उरला होता, आणि शिवी म्हणून.

जोथमच्या बाबतीत मी तो दिवस सांगू शकते. जकातीच्या कचेरीच्या दारावरचा राजाचा सिंह त्यानं कोरलाय. उमेदवारीतलं त्याचं शेवटचं काम. आयाळीची एकेक बट सुटी. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मला तो सिंह दाखवायला नेलं होतं, मला, दागिना दाखवावा तसा. सैन्य आल्यावर त्या सिंहाखाली लाल डगलेवाला पहारेकरी उभा राहू लागला. एका संध्याकाळी जोथम तिथून येत होता, तर त्या पोरानं बंदूक आडवी धरून विचारलं, "कोण?" जोथम म्हणाला, "तुझ्या डोक्यावरचा सिंह ज्यानं केला तो." पोरगा म्हणाला, "नाव विचारलंय." हे सांगताना जोथम हसत होता, मला वाटलं गंमत सांगतोय. पण त्या दिवसापासून तो त्या रस्त्यानं गेला नाही. सुट्टीच्या वेळात ते शिपाई निम्म्या मजुरीत गोदीत कामं करू लागले, तेव्हाही तो रागावला नाही, जेवढा त्या एका शब्दावर. ज्या गल्लीत आपण जन्मलो तिथं कुणी आपल्याला कोण म्हणून विचारावं. मला कळत होतं. मलाही विचारलं होतं, लोइस पोटात असताना, हातात दुधाचं भांडं होतं. म्हणून तर बायकांनी चहा सोडायचा ठरवला तेव्हा मी सगळ्यांच्या पुढं जाऊन सही केली, ठळक, वडिलांसारखी. आम्ही रास्पबेरीच्या पानांचा काढा पितो, त्याला चहा म्हणतो आणि एकमेकींकडे बघून चव आवडल्यासारखं करतो. माझा विश्वास होता. आहे. हे मी कुणाला सांगू, की खांबाखाली जे हसत होते त्यांच्या बाजूची मी आहे आणि खांबावरचा हात माझा आहे आणि तरीही मला फसवलंय?

आणि ते कापड. घरी विणलेलं जाडंभरडं कापड लोइसच्या गळ्याला लागलं की चट्टे उठायचे, ओले, लाल. ती रात्रंदिवस मान घासायची. ही गोष्ट मावशीला कुणी सांगितली ठाऊक नाही, पण एक दिवस तिच्याकडच्या टोपलीत, कोबीच्या गड्ड्याखाली, इंग्लंडच्या मऊ लोकरीचा तुकडा आला, फिका पिवळा, गालाला लावला तर लागलाय हे कळू नये असा. मी त्याचं आतलं झबलं शिवलं. वरून जाडं, आतून मऊ. चट्टे गेले. जोथमला ठाऊक होतं. झबलं दोरीवर वाळत असताना तो बाजूनं जायचा, बोलायचा नाही. म्हणजे त्या हातानं मी सहीही केली आणि ते झबलंही शिवलं, आणि आता तोच हात खांबावर उभा राहून सगळ्या गावाला सांगत होता, इथं ही बाई इंग्लंडचा माल विकते.

मी मावशीकडे गेले नाही. रोज ठरवायची आणि रोज लोइसचं काहीतरी निघायचं, खोकला, दात. खरं तर मला तिच्या डोळ्यांची भीती वाटत होती. ज्या बाईनं हाडाची पट्टी लावून ते बोट बसवलं ती ते ओळखणार नाही? पहिल्याच सकाळी, दार किलकिलं करून, तिनं ओळखलं असणार. तिला वाटलं असेल मी मुद्दाम बसले. हात पुढं करून, नवऱ्यासमोर, हसत. आणि गावात तोवर भलतंच झालं. लोक त्याला हात म्हणेनासे झाले. विहिरीवर केझाया पाणी घेऊन निघालेल्या एकीकडे बघत म्हणाली, "तिच्या अंगातली शाल बघितलीस? मला नाही वाटत ती इथं विणली. वाकड्या बोटाकडून आली असणार." दुसरी म्हणाली, "जरा जपून, नाहीतर तुझ्याही दारात वाकडं बोट उगवेल." सगळ्या हसल्या. मी माझा हात शालीत घेतला. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर पाणी भरलं, पीठ मळलं, त्यांच्या बाळंतपणात हात धरले, आणि माझं बोट वाकडं आहे हे एकीलाही ठाऊक नव्हतं; ते लाकडाचं झाल्यावर मात्र सगळ्यांना पाठ झालं.

मग सोमवारी शिपायांनी तो खांब पाडला. दोघंतिघं दारू प्यालेले होते म्हणे, खांदा लावून पाडला आणि गाणं म्हणत गेले. त्यामुळे मावशीचं नाव आणखीच खराब झालं. शिपाई जिच्या बाजूनं, ती कुणाची? त्या दिवशी मात्र मी उठले, लोइसला गुंडाळलं आणि भर दुपारी गेले. मागच्या दारानं जाता आलं असतं. पुढच्या दारानं गेले, खांबाच्या खड्ड्याला वळसा घालून.

"पुढून आलीस," मावशी म्हणाली. ती गल्ल्यामागं बसून दोऱ्याच्या लडी करत होती. "बघितलं कुणी?"

"बघितलं असेल."

"मग बस."

गल्ल्यावर तो हात होता. खांबाच्या तुकड्यासकट आडवा, सुताराच्या, लाकूड धरायच्या शेगड्यात आवळून बसवलेला, आणि पुढं आलेल्या बोटावर मावशीनं लडी लटकवल्या होत्या, निळ्या, करड्या, एक लाल. "बरा आहे की नाही?" ती म्हणाली. "बर्फात पडला होता, उचलून आणला. हातमोजेवाल्याची पाटी वाटली आधी. पण मिटलेल्या मुठीवर हातमोजा काय चढणार? पण लडी छान राहतात. बोट जरा वाकलंय ना, म्हणून घसरत नाहीत."

मी गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसले. लोइस मांडीवरून पुढं झुकली, लडींच्या मधून हात घातला आणि ते बोट पकडलं. मुठीत. मग तोंडाजवळ नेण्यासाठी ओढू लागली, येईना तेव्हा स्वतःच वाकली आणि पेरावर गाल टेकला, झोपताना टेकते तसा. मावशीचे हात थांबले. दुकानात सुकलेल्या लवंगांचा, मेणाचा, आणि खाली कुठंतरी चहाचा वास होता, बंद पेटीतला, आणि मला लाज वाटेल इतकी तहान लागली.

"तिला बरोबर कळलं," मावशी म्हणाली. "मलाही कळलं होतं. माझीच चूक आहे ती, मला कळणार नाही?"

"मावशी, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला हातमोजेवाल्याचं काम आहे."

"हं." तिनं पुन्हा दोरा गुंडाळायला घेतला. मग मान वर न करता, "आणि माहीत असतं तर?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून काही निघालं नाही. जोथमनं विचारलं तेव्हाही असंच झालं होतं. त्याला वाटलं मी नकार दिला असता. मावशीला वाटत होतं मी दिला नसता. दोघांनाही माझ्याविषयी खात्री होती, मलाच नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या बापाचंही असंच. साधं विचारलं की पुस्तक शोधायला जायचा." मग जरा हसली. "माझा हा माल वर्षापूर्वी मागवलेला गं. जहाज उशिरा आलं. समुद्रात बुडवू का? आणि ज्यांनी खांब रोवला त्यातल्या त्या मोठ्या पोटाच्या माणसाच्या अंगातला डगला बघितलास? नवा आहे. माझ्याकडून गेला नाही. मग कुठून आला?"

"घरून," मी म्हणाले.

कितीतरी दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडून आला. आम्ही दोघी एकदम हसलो, आणि हसता हसता मावशीचं तोंड वेडंवाकडं झालं. "घरी जा म्हणतात मला," ती म्हणाली. "याच गल्लीत, या खोलीच्या वरच्या खोलीत जन्मले मी. कुठल्या घरी जाऊ?" तिनं तोंडासमोर शालीचा पदर धरला. लोइसला वाटलं हा खेळ आहे. तो त्यांचा जुना खेळ होता. ती हसत सुटली, तेव्हा मावशीनं पदराआडूनच आवाज काढला, "हिट्टी कुठंय? हिट्टी कुठंय गं?" लोइसनं बोट पुढं केलं. महिनाभरापूर्वीच तिला ते जमायला लागलंय, दिव्याकडे, चिमणीकडे, चंद्राकडे. मावशीनं पदर काढला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मावशीनं साखरेच्या ढेपेचा कपचा तिच्या जिभेवर ठेवला. पुन्हा पदर, पुन्हा बोट, पुन्हा टाळ्या. मी निघाले तेव्हा मावशी म्हणाली, "उद्याही पुढूनच ये." ती मला माफ करून टाकत होती की माझी परीक्षा घेत होती, कोण जाणे.

घरी आले तर जोथम कामावर वाकलेला. बाकावर हात पडले होते. एक पुरा झालेला, दुसरा पुरा झालेला, तिसऱ्याचं मनगट अजून ओबडधोबड, आणि सगळ्यांची तीन बोटं मिटलेली, सगळ्यांचं पहिलं बोट वरच्या पेरापाशी डावीकडे कललेलं. एक दाराकडे बोट दाखवत होता, एक चुलीकडे, एक पाळण्याकडे. मी म्हणाले, "मला बोलावलं नाहीस."

"गरज काय? आता पाठ आहे." आणि खरंच तो माझ्याकडे न बघता पटाशी चालवत होता, पेरावरून वळण घेताना तिचा वेग जरासुद्धा कमी होत नव्हता. खिडकीपाशी त्या दुपारी तो तिथं थांबायचा, पुन्हा पुन्हा, अंगठ्यानं. तो पाठ करत होता.

"बोट तरी सरळ कर," मी म्हणाले. "एवढं कर, जोथम."

"सरळ कोण घेणार? वाकडंच मागतात." फुंकर मारून त्यानं ढलपी उडवली. मग पटाशी थांबली. "आज घराबाहेर पडू नकोस. गावाच्या त्या टोकाची माणसं यायचीत. बादल्या घेऊन, दारं माखायला."

"कुणाकडे?"

त्यानं पाळण्याकडे बोट दाखवणारा हात उचलला आणि पालथा ठेवला, एवढंच.

मी शाल काढलीच नव्हती. तो मागून "डॉर्कस" म्हणाला, एकदाच, मोठ्यानं नाही. मी लोइसला घेऊन धावले, बर्फावरून धावता येतं तेवढी. अजून उजेड होता, छपरांच्या कडांवर पिवळा. मला वाटत होतं की मावशीला मागच्या दारानं बाहेर काढेन, आमच्याकडे आणेन, त्या बाकासमोर बसवेन आणि जोथमला म्हणेन, आता कोर. गल्लीच्या तोंडाशी ते उभे होते. चौघंपाचजण, अनोळखी, एकाच्या हातात बादली, तिचा वास आधी पोहोचला, गटाराचा आणि डांबराचा. ते तिथंच थांबून दारांकडे बघत होते. सगळी दारं सारखी, बर्फानं अर्धी झाकलेली, पाट्या नाहीत, खांब नाही, त्याचा खड्डा इतक्या लांबून बर्फात दिसत नव्हता. त्यांना दुकान सापडत नव्हतं. शिपायांनी खांब पाडला म्हणून सापडत नव्हतं, आणि मी देवाचे आभार मानत होते, त्या दारुड्या शिपायांचेही.

"बाई," बादलीवाला म्हणाला. साधा, तरुण, दमलेला चेहरा. त्याच्या हातमोज्याला भोक पडलं होतं. माझ्या अंगावरचं जाडंभरडं कापड त्यानं पाहिलं आणि आपल्या माणसाशी बोलावं तसा आवाज खाली आणला. "इथं खांब होता म्हणे. वाकड्या बोटाचा. ते दुकान कुठलं?"

माझे दोन्ही हात शालीखाली होते, लोइसच्या पाठीशी घट्ट. बोट आखडलेलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या माणसाशी खोटं बोलणार होते, आणि मला ते जमणार होतं, शब्द तयार होते: पुढच्या गल्लीत, विहिरीच्या पलीकडे.

मागचा एक म्हातारा कंटाळून म्हणाला, "अरे, नाव घेऊन विचार ना तिला. हिट्टी. हिट्टी कुठंय?"

शालीतून लोइसचा हात बाहेर आला. तिनं बोट केलं. डावीकडच्या तिसऱ्या दाराकडे, अगदी नेमकं, आणि ते बोट वरच्या पेरापाशी जरासं कललेलं होतं, कारण बोट कसं करतात ते ती माझ्याकडूनच शिकली होती. बादलीवाला हसला. "हुशार आहे," तो म्हणाला.

ते त्या दाराकडे निघाले. लोइसनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तोंड जरा उघडं ठेवून, टाळ्यांची वाट बघत.